हिराकस तात्या

माझ्या चुलत बहिणीला बघायला पाहुणे आले होते. नाव, गाव, शिक्षण, नोकरी असं सगळं विचारून झालं, पोह्यांच्या बशा फिरल्या. मुलगा जरा सैल होऊन बसतोय तोच आमचे तात्या उठले, त्याच्यापुढं उकिडवे बसले आणि अंगठ्यानं त्याची खालची पापणी ओढून आत डोकावले.

"फिकट हाय," त्यांनी बैठकीला कळवलं. "तरण्या पोराची पापणी आतनं डाळिंबावानी लाल पायजे. ही बघा, सोललेल्या केळावानी."

मुलाचा मामा खाकरला. तात्यांनी त्याच्या गुडघ्यावर धीराचा हात ठेवला. "पावणं, घाबरू नका. जमिनीत भरपूर असतंय. फकस्त लागू पडत न्हाय."

जमिनीचं नाव निघाल्यावर बोलणं देण्याघेण्याकडं वळतंय असं वाटून मुलाची आई सावध झाली. पण लग्न जमलं. पुढं त्या जावयाचं हिमोग्लोबिन खरंच कमी निघालं, आणि ही गोष्ट तात्या दर दिवाळीला, सगळे जेवायला बसलेले असताना, त्याच्या पाठीवर थोपटत सांगतात.

तात्यांचं खरं नाव मतदार यादीत असेल. गाव त्यांना हिराकस तात्या म्हणतं. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. फिकट हिरवे, ओलसर खडे. पोतं उघडं राहिलं की वरचा थर तांबूस पिवळा पडतो. तात्यांच्या सदऱ्याच्या खिशांनाही तोच रंग आहे. तीन धुण्यांत डाग गेला नाही तेव्हा काकींनी त्यांचे सगळे सदरे मातकट रंगाचेच शिवून घेतले. त्यांनी भांडण मिटवलं ते असं, आणि यापुढचंही त्या असंच मिटवणार आहेत, ते पुढं येईल.

नोकरीत तात्या साखर कारखान्याच्या शेती खात्यात चिटबॉय होते. बाहेरच्यांना या पदाची किंमत कळायची नाही. उसाची नोंद चिटबॉय घेतो, लागणीची तारीख तो लिहितो, आणि हंगामात तोडीची चिठ्ठी त्याच्या खिशातून निघते. ज्याचा ऊस रानात उभा आणि वजन रोज घटतंय, त्याच्या घरचा चहा चिटबॉयला चुकत नाही. तात्यांनी एकतीस वर्षं असा चहा प्यायला. निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे बांधाबांधानं निघाले आणि सकाळी अकरा वाजता, मळ्यात चहा न घेता, घरी परत आले. काकी सांगतात, त्या दिवशी ते जेवलेही नाहीत.

त्यांना वाचवलं ते एका जुन्या प्रशिक्षणाच्या वहीनं. नोकरीत असताना कारखान्यानं त्यांना तीन दिवस पुण्याजवळ मांजरीला, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये पाठवलं होतं. बाकी लोक जेवणाची तारीफ करत परतले. तात्या एक वाक्य घेऊन परतले: जमिनीत लोह भरपूर आहे, पिकाला मिळत नाही. वीस वर्षं ते वाक्य ट्रंकेत पडून होतं. रिकाम्या दुपारी त्यांनी वही उघडली आणि त्यांना पुन्हा चिठ्ठी मिळाली.

आमच्याकडं पिवळ्या पडलेल्या कुठल्याही पिकाला एकच शब्द: केवडा. बाजरीवर पडतो तो केवडा बुरशीचा, भेंडीवरचा केवडा पांढरी माशी पसरवते त्या विषाणूचा, आणि उसावरचा केवडा बहुतेक वेळा पोटाचा, म्हणजे अन्नद्रव्याचा. पण शब्द एकच असल्यामुळं उपायही एकच होता: युरिया. पिवळं दिसलं की टाक पोतं. शेजारचे बापू तिसरं पोतं फोडत असताना तात्या बांधावर उभे राहिले आणि त्यांनी तो प्रश्न विचारला जो आता आमच्या गावात रामरामच्या ऐवजी चालतो.

"वरचं पिवळं का खालचं?"

बापूंनी पानाकडं वर-खाली असं कधी बघितलंच नव्हतं. तात्या सरीत उतरले. खालची पानं हिरवीगार. पोंग्यालगतची कोवळी पानं पिवळी, आणि त्यांच्यावर शिरा तेवढ्या हिरव्या, वहीच्या रेघांसारख्या. एकदोन पोंगे तर पांढुरके.

"नत्र कमी पडलं तर खालचं पान आधी पिवळं होतंय," तात्या म्हणाले. "कारन म्हातारं पान आपल्या अंगातलं काढून वरच्या पोराला देतंय. लोखंडाचं तसं न्हाय. एकदा म्हाताऱ्याच्या अंगात गेलं की गेलं. पोर उपाशी मरू दे, म्हातारा तिजोरीची किल्ली सोडत न्हाय." मग क्षणभर थांबून, "तुमच्या वडलांसारखं," असंही म्हणाले. बापूंचे वडील शेजारीच खाटेवर बसले होते. त्या दोन घरांत पुढं सहा महिने बोलणं नव्हतं, पण चौथं पोतं फुटलं नाही.

तात्यांचा शिकवण्याचा सगळा सरंजाम एका पिशवीत मावतो. त्यात जुन्या लाउडस्पीकरचं एक लोहचुंबक आहे. कुणी "आमच्या रानात लोखंड कमी" असं म्हणालं की तात्या ते चुंबक वाटेच्या धुळीतून फिरवतात. वर आलं की त्याला काळ्या कणांच्या मिशा फुटलेल्या असतात. दख्खनचा काळा दगड लोखंडानं भरलेला आणि आपली काळी माती त्याच दगडाची. एकराच्या वीतभर थरात टनांनी मोजावं एवढं लोह, आणि पिकाला लागतं ते किलोत. "तरी उपाशी!" तात्या मिशा झटकत म्हणतात. "समुद्रात बसून तहानेनं मरनं म्हंत्यात ते ह्येच."

कारण चुनखडी. आमच्या काळ्या रानात नांगर खोल गेला की पांढरे खडे वर येतात. चुन्यानं मातीचा सामू आठाच्या पुढं जातो, आणि सामू एका अंकानं चढला की विरघळणारं लोह हजारपटीनं घटतं. हा हजाराचा आकडा तात्यांचा लाडका. सहाचा आठ झाला की दोन अंक, म्हणजे हजार गुणिले हजार. तात्या हे हवेत बोटानं लिहितात आणि शून्यं मोजताना नेहमी एक जास्त होतं.

मी पुण्यात राहतो. आमच्या गॅलरीतला मोगरा पिवळा पडला तेव्हा इमारतीतल्या एका जाणकार काकूंच्या सल्ल्यानं मी कुंडीत चार गंजके खिळे खोचले होते. व्हिडिओ कॉलवर तात्यांनी ते बघितलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

"कुंडीला चौकट बसवतोयस व्हय?"

मी म्हटलं, लोह मिळावं म्हणून.

"गंज म्हंजे काय? लोखंडच की. तुझ्या मातीत गंज काय कमी हाय? गंज खाऊन मोगरा फुलला असता तर भंगारवाल्याच्या दारात बाग झाली असती." मग त्यांनी पाणी कुठलं घालतोस विचारलं. टँकरचं, बोअरचं, बादलीला पांढरी कड धरणारं. "मग तू रोज त्येला चुना पाजतोयस आनि वर खिळे ठोकतोयस. आधी पावसाचं पानी साठव. आनि ते खिळे काढ, कुनाच्या तरी पायात जातील."

खिळे काढताना एक माझ्या बोटातच गेला. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

झाडं लोह मिळवतात कसं, हा तात्यांचा आवडता अध्याय. त्यांनी तो इतक्या वेळा सांगितला आहे की पारावरची कुत्रीही त्या जागेवर आली की कूस बदलतात. भुईमूग, सोयाबीन, हरभरा, ही एक जात. यांची मुळं आम्ल सोडतात, चुन्याला झोंबतात, लोहाचं रूप जागेवरच बदलून घेतात आणि ओढतात. "ही भांडकुदळ मानसं. दारात जाऊन वसूल करनार." ऊस, ज्वारी, गहू, मका ही गवताची जात निराळी. त्यांची मुळं एक पदार्थ बाहेर सोडतात, तो मातीत जाऊन लोहाला मिठी मारतो आणि त्याला घेऊन मुळात परत येतो. जपानी शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात हे शोधलं. तात्यांच्या भाषेत: "ऊस स्वतः जात न्हाय. मुकादम पाठवतो. मुकादम टोळी घेऊन येतो."

हे ऐकताच ऊसवाल्यांचे चेहरे गंभीर होतात, कारण मुकादम म्हणजे काय ते त्यांना माहीत आहे. कुणीतरी हमखास विचारतं, "आनि मुकादम उचल घेऊन पळाला तर?"

"पळतोय की!" तात्या मांडीवर थाप मारतात. "मातीतले जिवानू त्येला वाटंतच खात्यात. म्हनून गहू-बार्ली हुशार, दिवस उगवल्यावर दोनचार तासांत सगळे मुकादम एकदम सोडत्यात. चारदोन खाल्ले तरी बाकीचे पोचत्यात."

एवढं शास्त्र सांगून झालेलं असताना शाळेच्या गुरुजींनी एक चूक केली. म्हणजे काय, हरितद्रव्यात लोखंड असतं, असं ते मुलांसमोर म्हणून गेले. तात्या तेव्हा शाळेच्या कुंपणाबाहेरून चालले होते. ते आत आले. हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियम असतं, लोह नव्हे. पण ते घडवण्याच्या कामात लोहाशिवाय पान हलत नाही. "भिंत बांधली गवंड्यानं. म्हनून गवंडी भिंतीत चिनलेला असतो का, गुर्जी?" गुरुजींनी नंतर पुस्तक काढून बघितलं. मला वाटतं त्याच दिवसापासून गुरुजी तात्यांच्या शेताची वाट टाळतात.

आता उपाय. मातीत नुसता हिराकस फेकला तर चुना त्याला तासाभरात गिळतो आणि गंज करून टाकतो. म्हणून एकरी दहा किलो हिराकस दहापट शेणखतात कालवून आठवडाभर मुरवायचा आणि मग सरीत द्यायचा. तातडी असेल तर फवारणी: दहा लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम, सोबत थोडं लिंबूसत्त्व, आणि पाणी हलकं असावं. आठवड्यानं परत. पैसेवाल्यांसाठी चिलेट. हा शब्द खेकड्याच्या नांगीसाठीच्या ग्रीक शब्दावरून आलाय हे तात्यांना कळलं तेव्हा त्यांना झालेला आनंद मी बघितला आहे. ओढ्यातला जिवंत खेकडा आणून, त्याच्या नांगीत हिराकसाचा खडा देऊन त्यांनी ग्रामपंचायतीत प्रात्यक्षिक केलं. खेकड्यानं खडा सोडला आणि सरपंचांचं बोट धरलं. "बघा, कसं घट्ट धरतंय," तात्या म्हणाले.

चिलेटांतही जाती आहेत. ईडीटीए सामू साडेसहाच्या पुढं गेला की चुनखडीच्या रानात पकड सोडतं. डीटीपीए साताच्या आसपास तग धरतं. ईडीडीएचए मात्र नवाच्या सामूतही लोहाला सोडत नाही, आणि म्हणून किमतीतही गिऱ्हाइकाला सोडत नाही. त्याचं पाणी गडद लाल होतं. हे दाखवायला तात्यांनी एकदा पारावर दोन पारदर्शक बाटल्या मांडल्या. एकीत बोअरच्या पाण्यात हिराकस, दुसरीत त्याच पाण्यात ईडीडीएचए. पहिलीत बघता बघता तांबडा गाळ बसला. दुसरी लालभडक, स्वच्छ, संध्याकाळच्या उन्हात चमकत होती. कारखान्याच्या निवडणुकीचे दिवस होते. अर्ध्या तासात पारावर चाळीस माणसं जमली, सगळी शांत, सगळी पुढं सरकून बसलेली. तात्यांना वाटलं, गाव बदललं. "ह्ये उसाच्या मुळात वतायचं," असं त्यांनी म्हणताच मागच्या तीन रांगा उठून गेल्या. एकानं तर जाताना विचारलं, "सगळंच?"

पण गाजलं ते पानावरचं प्रकरण.

१८४० च्या दशकात फ्रान्समध्ये ग्री नावाच्या गृहस्थानं पिवळ्या झाडांना लोहाचं मीठ दिलं आणि ती हिरवी झाली. पानावर जिथं लावलं तिथं हिरवं आलं. कुंचल्यानं लावा, कुंचल्याएवढंच हिरवं. लोह पानात शेजारीसुद्धा फिरकत नाही, हे यातून दिसतं. फवारणीनंतर पान ठिपक्याठिपक्यांनी हिरवं होतं ते त्यामुळंच. तात्या या माणसाला 'आमचा ग्री' म्हणतात, जणू कासेगावचा असावा. तर त्यांनी बापूंच्या केवडा पडलेल्या उसाच्या एका रुंद पानावर कुंचल्यानं उभं 'श्री' काढलं. पाच-सहा दिवसांनी पिवळ्या पानावर हिरवा श्री उमटला. बायका हळदकुंकू घेऊन आल्या. तात्यांनी त्यांना लोहाची हालचाल समजावली; त्यांनी ती ऐकून घेतली आणि नारळ फोडला.

ही विद्या गावातल्या एका कॉलेजकुमारानं मनावर घेतली. हिराकस त्यानं तात्यांच्याच पोत्यातला नेला. आठवड्यानं भांगलणीला आलेल्या बायकांना बापूंच्या रानात, तिसऱ्या सरीत, ओळीनं अकरा पानांवर एका मुलीचं नाव दिसलं. तीन अक्षरी. बांधावरून बातमी घरात जायला दहा मिनिटं लागली. मुलीचे वडील काठी घेऊन आधी तात्यांकडं आले, कारण गावात पान हिरवं करणारा माणूस एकच.

तात्या त्यांच्यासोबत रानात गेले. चष्मा लावला, एकेक पान उलटंसुलटं बघितलं. मागं वडील थरथरत उभे, त्यांच्यामागं निम्मं गाव.

"हां," तात्या शेवटी म्हणाले. "दुसरं अक्षर करपलंय. एक टक्क्याच्या वर गेलंय हे बेनं. आनि लिंबूसत्त्व घातलंच न्हाय."

वडील म्हणाले, "तात्या, माझ्या पोरीची अब्रू..."

"पोरीचं नंतर बघू. ह्येच्यानं पान जळतंय, पान!"

त्यांनी तिथंच, सगळ्यांसमोर, प्रमाण पुन्हा सांगितलं. गर्दीत तो कॉलेजकुमार उभा होता. तो वहीत लिहून घेत होता, आणि तसाच पकडला गेला. पुढं काय झालं हा या लेखाचा विषय नाही. एवढंच सांगतो की ती मुलगी आता पिंपरीत असते, बँकेत आहे, आणि त्या मुलाचं हिराकसाचं दुकान चांगलं चालतं.

आता काकी. गावभरच्या पापण्या ओढणारा नवरा स्वतःच्या बायकोला विसरला असेल असं वाटण्याची शक्यता आहे. तसं नाही. दर शनिवारी, पूजा झाली की, तात्या काकींची पापणी उजेडात धरून बघतात. "चाळीस वर्षांत डोळ्यांत बघायला ह्येच निमित्त सापडलं," काकी म्हणतात. जेवणावर चहा प्यायचा नाही, लोह लागू पडत नाही, असा त्यांच्यावर हुकूम आहे. हे त्यांनी सिद्धही केलं: काकींच्या कपात हिराकसाचा खडा टाकला, आणि चहा शाईसारखा काळाकुट्ट झाला. काकींनी तो कप त्यांच्यापुढं सरकवला आणि दुसरा करून घेतला.

गेल्या वर्षी तात्यांच्या स्वतःच्या खोडव्याला केवडा पडला.

गावासाठी हा सणच होता. लोक वाट वाकडी करून बघून जायचे. खोडव्याला हे होतंच: तोडणीनंतर जुनी मुळं सुटतात, नवी नीट धरलेली नसतात. तात्यांनी शेणखतात मुरवलेला हिराकस दिला. फवारा मारला. परत मारला. पाचव्या फवाऱ्यानंतर त्यांनी बोलणं कमी केलं. सहाव्याला महागाचं लाल औषध आलं. सातव्या वेळी मला पुण्याला पहाटे फोन आला आणि जगात लोखंडाची शुद्धता कोण तपासतं, असं त्यांनी विचारलं.

खरं कारण आख्ख्या घराला ठाऊक होतं. तात्यांचं एकच व्यसन: मोटर. वीज आठ तास येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आणि वीज असताना मोटर बंद ठेवणं त्यांना वाढलेलं ताट टाकल्यासारखं वाटतं. जिथं पंधरा-वीस दिवसांनी पाणी पुरतं, तिथं ते पाचव्या दिवशी दारं धरायचे. चुनखडीच्या रानात पाणी तुंबलं की मुळांची हवा कोंडते, कोंडलेल्या वायूचं आणि चुन्याचं मिळून पाण्यात बायकार्बोनेट साठतं, आणि लोहाची वाट मुळातच बंद होते. हे त्यांच्या वहीत आहे. पान सतरा. मी बघितलं आहे. ते त्यांनी इतरांना शंभरदा वाचून दाखवलं आहे.

"आवं, पानी तोडा," काकी दोन महिने म्हणत होत्या.

"पानी तोडून काय व्हतंय? लोखंड कमी पडतंय."

मग एक दिवस मोटर जळाली. रिवाइंडिंगवाला येऊन घेऊन गेला. तांब्याची तार मिळत नाही, कारागीर गावाला गेलाय, बेअरिंग मागवलंय, असं करत तीन आठवडे गेले. तात्या रोज विहिरीवर जाऊन पाण्याकडं बघून यायचे. त्या काळात त्यांनी कुणाचीही पापणी ओढली नाही. अठराव्या दिवशी पोंग्यातून निघालेलं नवं पान हिरवं होतं. पुढचं त्याहून.

मला फोटो आला. खाली लिहिलं होतं: 'आठव्या फवारणीचा रिझल्ट. प्रमाण गुप्त.'

उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा तात्या पारावर आठव्या फवारणीचं व्याख्यान देत होते. मी काकींना विचारलं, रिवाइंडिंगला किती खर्च आला.

"कशाचं रिवाइंडिंग?" काकी भाकरी थापत म्हणाल्या. "मोटरीला काय धाड भरली व्हती? त्या पोराला पाचशे दिलं, सांगितलं, मी सांगंस्तोवर दुकानात झाकून ठेव." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "तात्यांना बोलू नगंस. पुढच्या खोडव्याला परत जाळावी लागंल."